इटलीच्या ताटावरून आपल्या पानाकडे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परदेशी विद्या संपादून आलेल्याने आपल्या अनुभवाचे चार शब्द मंडळापुढे सांगावेत, हा आपला प्रघात आहे. शिक्षणाच्या निमित्ताने इटलीतील बोलोन्या नगरीत वर्षभर राहण्याचा योग आम्हांस आला. तेथील विद्यापीठ इ. स. १०८८ मध्ये स्थापन झाले असे परंपरेने मानतात. तथापि त्या विद्यापीठाविषयी न बोलता, त्याच्या भिंतीबाहेर, बाजारांत आणि घरोघरच्या स्वयंपाकघरांत जे शिकावयास मिळाले, तेच आज आपणांस निवेदन करावे असे आम्ही योजिले आहे.

इटालियन जेवण म्हणजे पिझ्झा आणि पास्ता, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तेथे चार महिने काढल्यावर ध्यानात येते की, सबंध इटलीचे असे एकच जेवण नाहीच. इटलीचे राज्य एकत्र झाले ते १८६१ साली. तत्पूर्वी तेथे शतकानुशतके निरनिराळी संस्थाने होती, आणि ताटावर ती अद्याप नांदत आहेत. उत्तरेस लोणी, तर दक्षिणेस ऑलिव्हचे तेल. पो नदीच्या खोऱ्यात भाताची शेते, म्हणून मिलानचा केशर घातलेला रिसोत्तो. वेनेतो प्रांतात मक्याच्या पिठाचा घाटा, त्याचे नाव पोलेन्ता. तोस्काना प्रांतातील पावात मीठच नसते. सिसिलीतील त्रापानी गावी अरबी वळणाचा कुसकुस. बोलोन्यात मऊ गव्हाचे पीठ अंड्यांत भिजवून, लाटून, त्याच्या पट्ट्या कापतात. नेपल्सकडे कठीण गव्हाच्या रव्याचा पास्ता वाळवून ठेवतात. हा कठीण गहू म्हणजे आपल्या बन्सीच्याच जातीचा होय. बोलोन्याच्या लोकांस आपल्या पट्टीचा एवढा अभिमान की, १९७२ साली तिच्या रुंदीचा सोन्याचा नमुना करून तो तेथील व्यापारी मंडळाच्या स्वाधीन करण्यात आला!

पार्मा परिसरातील चीज पाहताना तर आम्हांस आपल्या घरच्या विरजणाची आठवण झाली. आदल्या दिवशीची निवळी राखून ती दुसऱ्या दिवशीच्या दुधात घालतात. चाळीस किलोंच्या आसपास वजनाच्या एका चाकास सुमारे ५५० लिटर दूध लागते, आणि ते निदान बारा महिने मुरवावे लागते. मात्र हे दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात, हे आपल्यातील शाकाहारी कुटुंबांनी मुलामुलींस तिकडे धाडताना सांगून ठेवावे. त्याचबरोबर हेही सांगावे की, जेनोआकडे हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि तेल एवढ्यावरच भट्टीत भाजलेली 'फारिनाता' मिळते. आपल्या धिरड्याची ती सख्खी बहीण शोभावी. तिच्यावर परक्या देशात पोट सुखाने भरते.

या कौतुकास दुःखाचीही बाजू आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडील गरीब शेतकऱ्यांस पोलेन्ताखेरीज दुसरे फारसे काही मिळत नसे. केवळ मक्यावर राहिल्याने त्यांस पेलाग्रा जडे. कातडी सोलवटे, हगवण लागे, शेवटी बुद्धीही भ्रमे. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावी हा रोग होतो, हे विसाव्या शतकात उमगले. आज ज्यास प्रांताचा अभिमान म्हणतात, त्याच्या बुडाशी पुष्कळदा दारिद्र्य असते. शिवाय तो मका आणि टोमॅटो हे अमेरिकेहून आलेले पाहुणे. आपली मिरची आणि बटाटाही तिकडचेच. तेव्हा शुद्धतेचा डांगोरा कोणी पिटावा?

याहून महत्त्वाची गोष्ट रोममध्ये कळली. तेथील यहुदी लोकांस पोपच्या आज्ञेने १५५५ पासून एका कोंडवाड्यासारख्या वस्तीत राहावे लागले. त्या वस्तीतील तळलेला आर्टिचोक आज साऱ्या रोमचे भूषण समजला जातो. फ्लॉरेन्समध्ये तर वांगे हे यहुद्यांचे हलके खाणे म्हणून पूर्वी बाजारात फारसे दिसत नसे, असे पेल्लेग्रिनो आर्तुझी यांनी लिहून ठेवले आहे. ज्ञातीच्या व्यासपीठावरून आम्ही हे बुद्ध्याच सांगत आहोत. शेजाऱ्याच्या चुलीस नावे ठेवणारा समाज पुढे तिचाच पदार्थ आपला म्हणून मिरवितो.

हे आर्तुझी पेशाने व्यापारी. प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी १८९१ साली पदरच्या खर्चाने आपले पाकशास्त्राचे पुस्तक काढले. प्रथम त्यात ४७५ कृती होत्या. गावोगावच्या गृहिणींची पत्रे येत गेली आणि १९११ पर्यंत त्या ७९० झाल्या. अंतकाळी पुस्तकाचे हक्क त्यांनी आपल्या घरी राबणाऱ्या मारिएत्ता सबातिनी आणि फ्रांचेस्को रुफ्फिल्ली यांस दिले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली येथील सभेत युनेस्कोने इटालियन पाकपरंपरेस मानवजातीच्या वारशात स्थान दिले. त्या मानाचा पाया या पत्रांसारख्या साध्या कागदांनीही घातला आहे.

मराठीतही लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' आहे, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आहे. परंतु आपल्या घरांतील कित्येक पदार्थ अजून कोणत्याच पुस्तकात नाहीत. ते आहेत साठी-सत्तरी उलटलेल्या हातांत, आणि ते हात दरवर्षी कमी होत आहेत. 'अंदाजाने घाल' असे सांगणारी आजी गेली की तो अंदाजही तिच्याबरोबर जातो.

म्हणून मंडळास आमची विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने यंदा एक पदार्थ लिहून पाठवावा. वाटी-पळीचे माप द्यावे. तो कोणत्या गावचा, कोणत्या ऋतूचा, सणाचा की टंचाईचा, हेही नमूद करावे. आणि तो ज्यांच्याकडून आला त्यांचे नाव, मग ती सासू असो, शेजारीण असो की स्वयंपाकास येणाऱ्या बाई असोत, संकोच न करता लिहावे. पुढील स्मरणिकेची काही पाने त्यासाठी राखून ठेवावीत.