देवळांशेजारचें गांव : सिएम रीप

यात्रा करून परत आलेल्या मनुष्यास 'देव कसा होता?' असें सारे विचारतात. 'गांव कसें होतें?' असें विचारणारा विरळा. कंबोडिया देशांतील सिएम रीप हें असेंच न विचारलें जाणारें गांव आहे. त्याच्या उत्तरेस सुमारें सहा किलोमीटरांवर अंकोरवाट हें जगप्रसिद्ध देवालय उभें आहे. तें पाहण्यास २०१९ सालीं वीस लाखांहून अधिक परदेशी प्रवासी आले. परंतु त्यांतील पुष्कळांच्या लेखीं सिएम रीप म्हणजे रात्रीं पाठ टेकण्याची जागा. आजच्या भाषणांत देवालयांचें वर्णन येईलच. पण त्यांच्या सावलींत राहणाऱ्या माणसांकडेहि थोडें लक्ष देण्याचा विचार आहे.

उत्तरेकडील कुलेन डोंगरांतून येणारी एक लहानशी नदी या गांवाच्या मधून वाहते व दक्षिणेस टोनले साप या विस्तीर्ण सरोवरास मिळते. हें सरोवर मोठें विलक्षण आहे. पावसाळ्यांत मेकाँग नदीस पूर आला म्हणजे तिचें पाणी सरोवराकडे चढूं लागतें, दोहोंना जोडणाऱ्या नदीचा प्रवाह उलट फिरतो आणि सरोवर उन्हाळ्यांतल्यापेक्षां कित्येक पटींनीं पसरतें. कांठचीं जंगलें पाण्याखालीं जातात व त्यांत मासळी पोसते. पुढें पाणी ओसरूं लागलें कीं प्रवाह पुन्हां समुद्राकडे वळतो. भात आणि मासळी हेंच येथील लोकांचें अन्न. कोंकणांतील घरांत सुक्या मासळीला जें स्थान, तें येथें आंबविलेल्या मासळीच्या 'प्रहोक'ला आहे. प्राचीन राजांनीं दगडांचे डोंगर रचले ते याच भाताच्या व मासळीच्या बळावर, हें प्रवाशानें विसरूं नये.

बाजारांत गेल्यास बहुतेक दुकानांवर स्त्रियाच बसलेल्या दिसतात. ही रीत नवी नाहीं. १२९६ सालीं चीनच्या वकिलातीबरोबर जौ दागुआन नांवाचा एक गृहस्थ येथें आला व सुमारें एक वर्ष राहिला. त्यानें आपल्या वृत्तांतांत नमूद केलें आहे कीं, या देशांत व्यापारउदीम स्त्रियांच्या हातीं असतो. सातशें वर्षांत राज्यें आलीं व गेलीं. पण भाजीचा भाव करणारी बाई आपल्या जागेवरून उठली नाहीं.

आतां देवालयांकडे वळूं. इ. स. ८०२ मध्यें दुसऱ्या जयवर्म्यानें कुलेन डोंगरावर स्वतःस चक्रवर्ती म्हणून अभिषेक करविला, तेथून या साम्राज्याचा इतिहास मोजतात. नवव्या शतकाच्या अखेरीस यशोवर्म्यानें यशोधरपूर ही राजधानी वसविली. अकराव्या शतकांत पश्चिमेस सुमारें आठ किलोमीटर लांब व दोन किलोमीटर रुंद असा तलाव बांधला गेला. तो आजहि पाणी धरून आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत दुसऱ्या सूर्यवर्म्यानें विष्णूसाठीं अंकोरवाट उभारिलें. वेरूळचें कैलास लेणें कारागिरांनीं डोंगर वरून खालीं कोरीत नेऊन घडविलें; येथें उलट रीत. कुलेनच्या पायथ्याचा वालुकाश्म जलमार्गानें आणून, दगडावर दगड ठेवीत, सपाट जमिनीवर मेरुपर्वत रचला. भोंवतीं सुमारें १९० मीटर रुंदीचा खंदक म्हणजे जणूं समुद्र. देवळाचें तोंड पश्चिमेस आहे, त्यामुळें सायंकाळचा प्रकाश थेट महाद्वारावर पडतो.

आंतील ओवऱ्यांच्या भिंतींवर कुरुक्षेत्राचें युद्ध, लंकेचा रणसंग्राम व समुद्रमंथन कोरलेलें आहे. मंथनाचा एकच पट जवळजवळ पन्नास मीटर लांब आहे. एका बाजूस देव, दुसऱ्या बाजूस असुर, हातांत वासुकि, मध्यें विष्णु आणि खालीं समुद्रांत घुसळणीनें छिन्नभिन्न झालेले मासे व मगरी. महाराष्ट्रांतील कोणी कथाकीर्तनें ऐकलेला वृद्ध येथें आला, तर त्यास वाटाड्याची गरज पडावयाची नाहीं.

येथेंच भारतीय प्रवाशाच्या मनांत एक सुखद पण घातक विचार येतो : 'हें सारें आमचेंच!' एके काळीं आपल्याकडील पुष्कळ विद्वानांनींहि या देशांस 'बृहत्तर भारत' म्हटलें, कोणी 'वसाहती' म्हटलें. परंतु पुरावा कांहीं निराळें सांगतो. भारतीय सैन्यानें हा देश जिंकल्याचा दाखला नाहीं. देवांचीं नांवें, संस्कृत भाषा, लिपीचें मूळ, रामायण-महाभारत हें सर्व व्यापारी व ब्राह्मण यांच्याबरोबर गेलें, आणि ख्मेर लोकांनीं तें स्वेच्छेनें उचलून आपल्या घाटांत घातलें. राजप्रशस्ति संस्कृतांत; पण जमिनी, नोकर व तांदुळाचे हिशेब ख्मेर भाषेंत, अशी त्यांच्या शिलालेखांची सामान्य वांटणी आहे. भिंतींवरील योद्ध्यांचे चेहरे व पेहराव तेथलेच. ज्यानें बी दिलें त्याचें ऋण खरें, पण पीक काढणाऱ्याच्या घामावर त्याचा हक्क सांगतां येत नाहीं.

आज येथील लोक थेरवाद बौद्ध आहेत. तरीहि अंकोरवाटच्या पश्चिम द्वारांतील आठ हातांच्या विष्णुमूर्तीपुढें ते उदबत्त्या लावतात, फुलें वाहतात आणि तिला आपला रक्षक मानतात. हें देवालय कधींहि पुरतें ओस पडलें नव्हतें. भिक्षूंचा वावर तेथें राहिलाच. म्हणून १८६० सालीं आंरी मूओ या फ्रेंच प्रवाशानें त्याचा 'शोध लावला' हें म्हणणें खरें नव्हे. त्यानें युरोपास त्याची ओळख करून दिली, एवढेंच.

पुढें १९०७ सालीं सयामनें हा मुलूख सोडला, तेव्हां फ्रेंच पंडितांनीं जीर्णोद्धाराचें काम हातीं घेतलें. त्यांतील बाफून या अकराव्या शतकांतील शिवालयाची कथा मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. तें ढांसळूं लागलें म्हणून १९६० नंतरच्या दशकांत त्याचे दगड उतरवून, कोणता दगड कोठला याची टिपणें ठेवून, भोंवतालच्या रानांत मांडून ठेवले. दगड सुमारें तीन लाख. इतक्यांत १९७० सालीं युद्ध पेटलें व काम थांबलें. १९७५ मध्यें ख्मेर रूज पक्षाची राजवट आली. तिनें शहरें रिकामीं केलीं, शाळा बंद पाडल्या, शिकलेल्यांस वेंचून मारलें. चार वर्षांहून कमी काळांत सुमारें सतरा लाख किंवा त्याहूनहि अधिक माणसें उपासानें, रोगानें व हत्येनें मेलीं. त्या धामधुमींत बाफूनचीं टिपणेंहि नष्ट झालीं. रानांत तीन लाख दगड पडलेले, आणि कोणता कोठें बसवावा हें सांगणारा कागद नाहीं! १९९५ सालीं काम पुन्हां सुरू झालें. दगड मोजून, जुनीं छायाचित्रें पाहून, कडेला कडा जुळवीत सोळा वर्षें कारागीर खपले आणि २०११ च्या जुलैंत तें शिवालय पुन्हां उभें राहिलें. देवळाचे दगड जुळले. पण प्रत्येक घरांतून जीं माणसें नाहींशीं झालीं तीं परत आलीं नाहींत.

याच कठीण काळांत, १९८६ पासून १९९३ पर्यंत, भारताच्या पुरातत्त्व खात्यानें अंकोरवाटची डागडुजी केली. सुरुंग व गोळीबार यांचें भय असतांना दुसरे फारसे कोणी तेथें जात नव्हते. त्या कामाच्या पद्धतीवर टीका झाली, हें खरें. पण त्या दिवसांत तेथें जाणें हेंहि लहान काम नव्हतें. पुढें झाडांच्या मुळ्यांनीं वेढलेल्या ता प्रोह्म देवालयाचें कामहि भारतीय तज्ज्ञांकडे आलें. १९९२ सालीं अंकोर जागतिक वारशाच्या यादींत व त्याचबरोबर धोक्यांतील वारशाच्या यादींतहि गेलें. दुसऱ्या यादींतून तें २००४ सालीं सुटलें.

तथापि शांततेबरोबर नव्या अडचणी आल्या. पथिकाश्रम वाढले तसा भूगर्भांतील पाण्याचा उपसा वाढला, आणि देवळांचे पाये वाळूच्या भरावावर असल्यामुळें पाण्याची पातळी खालावणें त्यांस हितावह नाहीं. २०२० सालीं साथ आली, प्रवासी थांबले व सारा गांव एकाच धंद्यावर उभा आहे हें एका दिवसांत कळून चुकलें. २०२२ पासून देवालयांच्या परिसरांतील हजारों कुटुंबांस दुसरीकडे हलविण्यांत आलें. सरकार म्हणतें, तीं राजीखुषीनें गेलीं. मानवी हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्था म्हणतात, त्यांच्यावर दडपण आलें. दगड राखावे कीं माणसें राखावीं, असा प्रश्न जेथें पडतो तेथें कांहीं तरी चुकलें आहे, असें मानावयास हरकत नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर एका प्राचीन राजानें दिलें होतें. सातवा जयवर्मा ११८१ च्या सुमारास गादीवर आला. त्यानें बायोन व ता प्रोह्म बांधलें. ११८६ सालच्या ता प्रोह्मच्या संस्कृत शिलालेखांत राज्यांतील १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. प्रजेच्या शरीराची व्याधि राजास स्वतःच्या व्याधीहून अधिक जाचते, अशा आशयाचा मजकूर त्याच्या आरोग्यशाळांच्या लेखांत आढळतो.

आज गांवाकडून अंकोरवाटकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुलांचें एक रुग्णालय आहे. त्याचें नांव 'जयवर्मन सातवा'. बेआट रिख्नर या स्विस बालवैद्यानें तें १९९९ सालीं उघडलें. तेथें मुलांस औषधपाणी विनामूल्य मिळतें. हा डॉक्टर शनिवारीं सायंकाळीं प्रवाशांपुढें चेलो हें तंतुवाद्य वाजवी आणि तरुणांकडे रक्त व वृद्धांकडे पैसे मागे. २०१८ सालीं तो वारला. रुग्णालय चालू आहे. २०१७ पासून अंकोरच्या प्रत्येक तिकिटामागें दोन डॉलर या कार्यास देण्याचा प्रघात पडला.

सकाळीं सूर्योदय पाहण्याच्या घाईनें प्रवाशांच्या गाड्या त्या दारावरून निघून जातात. आंत आया आपलीं तापानें फणफणलेलीं लेंकरें मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. जो प्रवासी परततांना तेथें क्षणभर थांबेल, त्यास देव कसा होता हें सांगतां येईल आणि गांव कसें होतें हेंहि.