नटाचा जामीन आणि आपला जामीन



पारावर बसले की एक वाक्य हमखास कानावर येते, 'कायदा गरिबाला, मोठ्याला कसला कायदा?' पारावर ते ठीक आहे. बैठकीत बोलायचे तर मोठ्या माणसाला नेमके काय जास्त मिळते आणि ते कोणत्या दारात मिळते, हे शोधले पाहिजे. तरच ते आपल्यालाही मागता येईल.

सगळ्यांना ठाऊक असलेला खटला घेऊ. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याला, बेकरीसमोर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गाडी गेली. एक मेला, चार जखमी झाले. आरोपी सलमान खान. खटला साडेबारा वर्षे चालला. ६ मे २०१५ ला सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सांगितली आणि त्याच संध्याकाळी उच्च न्यायालयाने दोन दिवसांचा जामीन दिला. ८ तारखेला शिक्षा स्थगित झाली. १० डिसेंबरला उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. गाडी तोच चालवत होता आणि दारू प्यालेला होता, हे सरकारपक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले.

तो निकाल बरोबर की चूक, हा वाद आज घालायचा नाही. आम्हाला बोलायचे आहे ते ६ मेच्या संध्याकाळबद्दल. दोन दिवसांचा तो जामीन कशावर मिळाला? निकालाची पूर्ण नक्कल अजून आरोपीच्या हातात पडली नव्हती, यावर. कारण खोटे होते काय? मुळीच नाही. शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची नक्कल लगेच आणि फुकट द्यावी, असे कायदाच म्हणतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. म्हणजे नटाला कायद्याबाहेरचे काही मिळाले नाही. कायद्यात होते तेच मिळाले, फक्त त्याच दिवशी मिळाले, कारण वकील वरच्या कोर्टाच्या दारात तयार उभा होता. आपल्या माणसाला शिक्षा झाली तर त्याची बायको रात्रीच्या एस.टी.ने गावाला परत येते. नक्कल मागायची असते, ती फुकट असते, हे तिला कोणी सांगत नाही.

नावाचा फायदाच होतो असेही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहरुख खानच्या मुलाला अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडले. २८ तारखेला उच्च न्यायालयाने जामीन दिला, पण कागद २९ च्या संध्याकाळी आर्थर रोड तुरुंगाच्या जामीनपेटीत वेळेवर पडले नाहीत, म्हणून पोरगा ३० ला सुटला. मे २०२२ मध्ये आरोपपत्र आले, त्यात त्याचे नाव नव्हते. तुरुंगाच्या भिंतीला जामिनाची पेटी असते आणि ती ठरल्या वेळीच उघडते, हे देशाला त्या एका रात्रीमुळे कळले. आपल्या माणसांच्या अशा किती रात्री जातात, त्या कोणी टीव्हीवर दाखवत नाही.

आणि आपले खरे अडते ते कागदाच्याही आधी, जामीनदारापाशी. मोतीराम नावाच्या एका गवंड्याचा मध्य प्रदेशातला खटला आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला. खालच्या न्यायदंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला! गवंडी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी रक्कम एक हजारावर आणली आणि परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारता येणार नाही, असे बजावले. इतकी वर्षे झाली. तरी कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा, जामिनाला काय आणतोस? सातबारा. त्यावर सोसायटीचा बोजा, वर बँकेचा बोजा. ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसिलीत खेटे. तोवर कापसाची वेचणी उलटून जाते, ज्वारी पाखरे खातात. गुन्हा अजून शाबित व्हायचा असतो, शिक्षा मात्र सगळे घर भोगून बसते. २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशाच्या तुरुंगांत दर चार कैद्यांत तिघे असेच कच्चे कैदी होते.

म्हणून आम्ही नटाचा जामीन काढून घ्या म्हणत नाही. त्याला संध्याकाळी जे मिळाले ते आमच्या सालगड्याला संध्याकाळी मिळाले पाहिजे, एवढीच मागणी आहे. त्यासाठी हाताशी काय आहे ते लिहून घ्या. कोठडीतल्या कोणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याची त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एकतृतीयांश मुदत आत गेली की त्याला सोडायचे असते, इतरांना निम्मी मुदत झाल्यावर. कोर्टाकडे अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानेच करायचा आहे. जुन्या खटल्यांनाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र हे नाही, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तरी अडते. जामिनाचे पैसे नसलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, तीत पैशाची मदत होऊ शकते.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावचा कोण आत आहे, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेपासून, जामीन झाला आहे काय, आणि झाला असेल तर तो कशावाचून अडला आहे. नाव नीट लिहा, बापाच्या नावासकट. जिल्ह्याचे सगळे कागद एकत्र करून आपण प्राधिकरणाच्या कार्यालयात मिळूनच जाऊ.