चित्रातल्या बायका, नोंदवहीतल्या बायका

(आमच्या वार्षिक शिबिरात दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



जेवणानंतरच्या सत्रात चित्रांविषयी बोलायचं म्हणजे तुमच्या डुलकीची सोयच करायची. पण आयोजक मैत्रिणींचा आग्रह पडला. 'तिथल्या संस्थांबद्दल तू बोललीस, अहवाल दिलास. आता नुसतं काय बघितलंस ते सांग.' निवारागृहांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एका प्रशिक्षणासाठी मी तीन आठवडे नेदरलँड्सला गेले होते. शेवटचे चार दिवस अ‍ॅमस्टरडॅममध्ये मोकळे मिळाले, ते मी संग्रहालयांत घालवले. मी चित्रकलेतली जाणकार नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना केसपेपर कसा लिहायचा ते शिकवलं, चित्र कसं बघायचं ते कोणी शिकवलं नाही. तेव्हा केसवर्करच्या नजरेनं जे दिसलं तेवढंच सांगणार आहे.

हे शहर कालव्यांचं. सतराव्या शतकात शहराभोवती अर्धगोलात मोठे कालवे खणले, त्यांच्या काठानं व्यापाऱ्यांनी घरं बांधली. अरुंद, उंच, माथ्यावर सामान ओढून घ्यायला आकडा. २०१० साली हा सगळा भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला. तीन मुख्य कालव्यांची नावं काय, तर एक कारभारी सरदारांचा, एक बादशहाचा, एक राजपुत्राचा. वाचून हसू आलं. हा पैसा कुठून आला? १६०२ साली स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी. आपल्यापैकी कोकणातल्या मैत्रिणींनी वेंगुर्ल्याची डच वखार बघितली असेल, पडक्या भिंतींची. तिचं दुसरं टोक म्हणजे हे कालवे. या कंपनीनं मसाले आणि कापडच नेलं असं नाही. बंगालमधून, कोरोमंडल किनाऱ्यावरून माणसंही गुलाम म्हणून नेली. २०१९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम म्युझियमनं ठरवलं की सतराव्या शतकाला यापुढे 'सुवर्णयुग' म्हणायचं नाही. कोणाचं सुवर्ण, हा प्रश्न तिथे निदान विचारला जातोय.

पहिल्या दिवशी राइक्सम्युझियमला गेले. हे त्यांचं राष्ट्रीय संग्रहालय, इमारत १८८५ ची. तिच्या पोटातून चक्क सायकलींचा रस्ता जातो. आत मधल्या मोठ्या दालनात रेम्ब्रांटचं १६४२ सालचं प्रचंड चित्र, 'नाइट वॉच'. शहराच्या नागरी पलटणीतले पुरुष आपली हत्यारं घेऊन निघालेत. समोर ही गर्दी! मी पाच मिनिटं उभी राहिले आणि पुढे सरकले.

या मानाच्या दालनात बाईनं काढलेलं चित्र पहिल्यांदा कधी लागलं असेल? २०२१ साली, ८ मार्चला. तीन चित्रकर्त्री निवडल्या: युडिथ लेस्टर, गेसिना तर बोर्ख आणि राखेल राउश. लेस्टरची हकीकत ऐका. ही हार्लेम गावची, १६३३ मध्ये चित्रकारांच्या संघात रीतसर सभासद झालेली. 'लेस्टर' म्हणजे ध्रुवतारा, म्हणून ती सहीत आपल्या अक्षरांना एक चांदणी जोडायची. तिच्या मृत्यूनंतर तिची चित्रं फ्रान्स हाल्स या तिच्या गावच्या प्रसिद्ध चित्रकाराच्या नावावर खपत राहिली. १८९३ साली एका अभ्यासकानं हाल्सच्या म्हणून विकल्या गेलेल्या चित्रावर ती चांदणी ओळखली. सही तिथेच होती. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ.

त्याच संग्रहालयात व्हर्मीरची दूध ओतणारी बाई आहे, १६६० च्या आसपासची. चित्र जेमतेम दीड फूट उंचीचं. स्वयंपाकघर, खिडकीतून येणारा उजेड, बाह्या वर सारलेली धट्टीकट्टी कामवाली, आणि दुधाची बारीक धार. ती कोणाकडे बघत नाही, कामात आहे. घरकामगार संघटनेतल्या आपल्या मैत्रिणींना हे चित्र नक्की आवडेल. दिलखेचक करून काढलेली नाही, गरीब बिचारीही केलेली नाही. फक्त तिचं नाव चित्राच्या पाटीवर नाही.

व्हॅन गॉखच्या संग्रहालयाबद्दल एकच सांगते. व्हिन्सेंट १८९० मध्ये गेला, सहाच महिन्यांत त्याचा भाऊ थिओ गेला. थिओची बायको यो, अठ्ठावीस वर्षांची, पदरात तान्हं मूल. तिनं खानावळीसारखं बिऱ्हाडघर चालवलं आणि शेकडो चित्रं सांभाळली, प्रदर्शनं भरवली, पत्रं छापली. दीराला जगभर पोचवणारी ही वहिनी.

आता ज्यासाठी बोलायला उभी राहिले त्या गोष्टीकडे येते.

अ‍ॅमस्टरडॅम म्युझियम १९७५ पासून ज्या जुन्या वास्तूत होतं, ते पूर्वीचं अनाथालय. १५८० पासून १९६० पर्यंत तिथे मुलं राहत. अर्धा लाल अर्धा काळा गणवेश, म्हणजे रस्त्यात कोणीही ओळखावं की हे अनाथ. तिथे सगळ्यांना प्रवेश नव्हता बरं का. शहराचं नागरिकत्व असलेल्यांच्याच पोरक्या मुलांना. बाकी गरिबांच्या आणि टाकून दिलेल्या मुलांसाठी वेगळी संस्था. ही वास्तू २०२२ पासून दुरुस्तीसाठी बंद, म्हणून म्युझियम आम्स्टेल नदीकाठच्या आम्स्टेलहोफमध्ये हलवलं. ती इमारत काय होती? १६८३ मध्ये पूर्ण झालेलं, चर्चनं चालवलेलं गरीब म्हाताऱ्या बायकांचं घर. २००७ पर्यंत तिथे वृद्ध राहत होते. म्हणजे आपण ज्या जागांत रोज काम करतो, त्याच जागा. मी तिकीट काढून पुन्हा माझ्याच ऑफिसात शिरले होते.

या संस्थांच्या विश्वस्त बायका आपली चित्रं काढून घेत. अनाथालयाच्या विश्वस्त बायकांचं याकोब बाकरनं १६३० च्या दशकात काढलेलं चित्र आहे. काळे रेशमी पोशाख, मोठमोठ्या पांढऱ्या कॉलरी, मधे टेबल. बाईला त्या काळी सार्वजनिक म्हणावं असं जे थोडंसं अधिकाराचं पद मिळे ते हेच, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. अशा चित्रांतून वही दिसते, पैसे दिसतात, किल्ली दिसते. पोरकी मुलगी असलीच तर एका कडेला. विश्वस्त बायकांची नावं संग्रहालयाला ठाऊक आहेत. त्या मुलीचं नाव कोण सांगणार?

मला त्या बायका आवडल्या, हे कबूल करते. करारी, कामसू दिसतात. आणि म्हणूनच अस्वस्थ झाले, कारण टेबलाच्या त्या बाजूला मी बसते.

दुसऱ्या दिवशी स्पिनहाउसचं दार शोधत गेले. स्पिनहाउस म्हणजे सूतकताईचं घर, १५९७ साली सुरू झालेलं बायकांचं सुधारगृह. भीक मागणाऱ्या, चोरी केलेल्या, धंदा करणाऱ्या, घरच्यांच्या हाताबाहेर गेलेल्या, सगळ्या एकत्र. एका बोळातल्या त्या दारावर अजून दगडी शिल्प आहे: बाई बायकांना फटके मारतेय. सतराव्या शतकात लोक पैसे देऊन त्या कोंडलेल्या बायका बघायला येत असत. इथे मला आमच्याकडे देणगीदार येण्याच्या दिवशी मुलींना वेण्या घालून ओळीत बसवतो ते आठवलं. आम्ही तिकीट लावत नाही एवढंच.

तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर रेम्ब्रांटचं घर. त्यानं १६३९ मध्ये घेतलं, आता संग्रहालय आहे. स्वयंपाकघरात भिंतीत कपाटासारखा बसवलेला पलंग दिसतो, कामाची बाई तिथे झोपे. १६४२ मध्ये त्याची बायको सास्किया वारली, मुलगा टिटस वर्षाचाही नव्हता. त्याला सांभाळायला आली गेर्ट्ये डिर्क्स, विधवा बाई. रेम्ब्रांटचे आणि तिचे संबंध जडले. सास्कियाचे दागिने त्यानं तिला दिले. काही वर्षांनी घरात तरुण हेंड्रिक्ये आली, आणि गेर्ट्येला घर सोडावं लागलं. पण ती गप्प बसली नाही. १६४९ मध्ये तिनं तक्रार केली की यानं मला लग्नाचं वचन दिलं होतं. लग्नविषयक वाद ऐकणाऱ्या मंडळानं तिला वर्षाला २०० गिल्डर पोटगी ठरवून दिली. सतराव्या शतकात! आपल्याकडे पोटगीसाठी फेऱ्या मारणाऱ्या मैत्रिणी इथे बसल्यात, त्यांना याचं मोल कळेल.

पुढचं ऐका. तिनं दागिने गहाण टाकले. मग रेम्ब्रांटनं तिच्याविरुद्ध शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब गोळा केले, आणि या कामात तिचा सख्खा भाऊ त्याला सामील झाला. १६५० मध्ये तिला गौडा गावच्या स्पिनहाउसमध्ये बारा वर्षांसाठी धाडलं. तिथवर नेण्याचा खर्चही रेम्ब्रांटनं दिला. पाच वर्षांनी, १६५५ मध्ये, ती सुटली ती एडम गावच्या तिच्या मैत्रिणींनी खटपट केली म्हणून. रेम्ब्रांटचा त्याला विरोध होता. पुढे वर्षभरातच तो दिवाळखोर झाला, तेव्हा त्याच्याकडून येणं असलेल्यांच्या यादीत गेर्ट्येचं नाव आहे. त्यानंतर तिचा पत्ता लागत नाही.

त्या स्वयंपाकघरातच मी खाली बसले. थकले होते असं बरोबरच्या बाईंना सांगितलं.

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेत नोकरीला होते. नाव घेत नाही. कोर्टामार्फत आलेली एकोणीस वर्षांची मुलगी होती. तिला घरी पाठवावं का, यासाठी गृहचौकशी माझ्याकडे आली. मी वस्तीत गेले, शेजारच्या चार घरांत विचारलं, मोठ्या भावाशी बोलले. भाऊ सभ्य, चहा पाजणारा. 'तिची चाल बरी नाही, ताई. अजून थोडे दिवस तुमच्याकडे राहिली तर सुधारेल.' मी अहवालात लिहिलं, 'शेजाऱ्यांचा अभिप्राय प्रतिकूल. भाऊ जबाबदार वाटतो.' माझ्या अक्षरात. मुलगी आणखी अकरा महिने आत राहिली. घराच्या हिश्शाचा वाद होता, हे मला नंतर कळलं. आणि वस्तीतली एक मैत्रीण दर महिन्याला तिला भेटायला यायची. रक्ताचं नातं नाही म्हणून नियमाप्रमाणे मीच तिला दारातून परत पाठवत होते. त्या मैत्रिणीला मी एकदाही विचारलं नाही की तुला काय माहीत आहे.

शेवटच्या दिवशी फेरीबोटीनं पाण्यापलीकडे गेले, ती फुकट असते. तिथे आता चकचकीत सिनेमा संग्रहालय आहे. त्याच भागात पूर्वी फाशी दिलेल्यांची प्रेतं टांगून ठेवत. १६६४ मध्ये तिथे एल्स्ये ख्रिस्तियान्स टांगलेली होती. वय अठरा. डेन्मार्कहून कामाच्या शोधात आलेली. भाड्यावरून घरमालकिणीशी भांडण झालं, तिनं मारलं, हिनं कुऱ्हाड उचलली. रेम्ब्रांटनं जाऊन त्या लटकत्या मुलीची रेखाटनं केली, ती आता न्यूयॉर्कला आहेत. ती मुलगी नेमकी कोण, हे १९६९ मध्ये शोधून काढलं ते इसाबेला व्हान एखेन या अ‍ॅमस्टरडॅमच्याच अभिलेखपाल बाईंनी, कोर्टाचे कागद चाळून. म्हणजे कागदांतून बाई पुसली जाते तशी कधी परतही सापडते, पण शोधणारी हवी.

परत आल्यावर मी त्या जुन्या संस्थेत जाऊन केसपेपर मागितला. मिळाला नाही. मग वस्तीत गेले. मैत्रीण भेटली, तिनं मला ओळखलं. आत या म्हणाली नाही. ती मुलगी कुठे आहे ते तिला माहीत आहे. 'पत्ता देऊ का ते आधी तिला विचारते,' म्हणाली. याला दोन महिने झाले. निरोप आलेला नाही, आणि मी पुन्हा विचारायला गेलेले नाही.

सध्या जिथे आहे तिथे भेटीच्या नियमात 'नातेवाईक' या शब्दापुढे 'किंवा मैत्रीण' घालावं म्हणून अर्ज दिला आहे. तुमच्यापैकी कोणाच्या संस्थेत तसा नियम असेल तर त्याची प्रत मला हवी आहे, चहाच्या वेळी भेटा.

कोणी तिकडे जाणार असेल तर: तिकिटं महाग आहेत, आणि अ‍ॅन फ्रँकच्या घराचं तिकीट आधी नोंदवल्याशिवाय मिळत नाही. मला मिळालं नाही. चित्रांची कार्डं आणली आहेत, ती हातोहात फिरवा. लेस्टरचं कार्ड ज्या मैत्रिणीला हवं तिनं ठेवून घ्यावं. दूध ओतणारी मात्र परत द्या, ती आमच्या स्वयंपाकघरात लावायची आहे.