देऊन टाकणं

नेरूळच्या आमच्या घरात अम्मीची सोलापुरी सतरंजी माळ्यावर पडून होती. 'कुणाला तरी देऊन टाकू,' असं मी दर ईदला म्हणायचो. त्यातलं 'टाकू' बायकोला खटकायचं. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून गेलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. तेही कुणीतरी टाकलेलंच!

मग सतरंजी धुतली. जाड वीण, गच्चीवर वाळायला दोन दिवस लागले. उसवलेला काठ बायकोनं शिवला. हिच्यावर बसून मी पहिली कविता लिहिली, हे सांगायचा मोह मात्र आवरला.

शेजारच्या बांधकामावरच्या मजूर बाईनं ती उलटसुलट पाहिली, लेकराला तिच्यावर निजवलं आणि विचारलं, "भाऊ, परत कधी न्यायला येणार?"