पाण्यातील गुप्त निवारा : द्वैपायन सरोवरापासून हजीऱ्यापर्यंत



महायुद्धाच्या अठराव्या दिवशी दुर्योधन रणांगण सोडून द्वैपायन सरोवराकडे गेला आणि मायेने पाणी स्तंभित करून आत लपला, ही शल्यपर्वातील कथा देवळातील पुराणात सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. परंतु तो सापडला कसा, हा भाग पुराणिक बहुधा घाईने आटोपतात. कृप, अश्वत्थामा आणि कृतवर्मा हे तिघे तळ्याकाठी येऊन त्याच्याशी बोलू लागले. भीमसेनाला नित्य मांस पुरविणारे व्याध त्याच वेळी पाणी पिण्यासाठी तेथे आले होते. त्यांनी ते बोलणे ऐकले आणि थेट पांडवांची छावणी गाठली. पाण्याची भिंत अभेद्य होती, पण आवाज बाहेर गेला. पुढे युधिष्ठिराने काठावरून मर्मभेदी बोल ऐकविले. ते त्या मानी राजाला सोसवले नाहीत आणि तो वर आला. पाण्यात घर करणाऱ्याचा घात या दोन गोष्टी करतात : आवाज होणे आणि वर यावे लागणे.

हेच दोन प्रश्न विसाव्या शतकात आपल्या देशापुढे उभे राहिले आणि त्यांच्या उत्तराचा एक मोठा भाग सुरतेजवळ हजीरा येथे घडला.

तापी नदी खंबायतच्या आखाताला मिळते तेथे उत्तर तीरावर हजीरा आहे, पलीकडे डुमस. हजीऱ्याला लागूनच सुवाळीचा किनारा. १६१२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात याच सुवाळीसमोर टॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाच्या दोन जहाजांनी पोर्तुगीजांच्या चार गलबतांना हटविले. उथळ पाणी आणि वाळूचे दांडे यांनी त्या लढाईत मोठे काम केले. लिसेवमध्ये शिकलेल्या पिढीला हा प्रसंग फारसा आठवणार नाही. आपल्या पराभवाचा धडा कोणतेच सरकार मोठ्या टायपात छापीत नाही.

हजीऱ्याहून आखात ओलांडले की सौराष्ट्र आणि त्याच्या दक्षिण टोकाला दीव. १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव यांचा कारभार एकत्र चालत असे, त्यामुळे दीवचे नाव आपल्याला घरातल्यासारखे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री या दीवच्या समुद्रात 'हँगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जहाज सोडले नाही. पाण्याखाली लपलेला एकटा वैरी काय करू शकतो, हे त्या रात्री दिसले.

तथापि 'हँगोर'सारख्या डिझेलच्या पाणबुडीला दुर्योधनाचीच अडचण असते. पाण्याखाली ती विजेऱ्यांवर चालते. विजेऱ्या भरण्यासाठी इंजिन चालवावे लागते, इंजिनाला हवा लागते आणि हवेसाठी पृष्ठभागाजवळ यावे लागते. अणुभट्टीला हवा लागत नाही. ती पाण्याची वाफ करते, वाफ चक्र फिरवते आणि समुद्राच्या पाण्यापासून माणसांसाठी प्राणवायूही करता येतो. मग वर येण्याची घाई उरते ती केवळ शिधा संपला म्हणून. भारताने अशी नौका बांधावयास घेतली तेव्हा त्या कामाला 'प्रगत तंत्रज्ञान नौका' असे नाव दिले. सरकारी कागदपत्रांत आयुष्य घालविलेल्या माणसाला या नावाचे कौतुक वाटेल, कारण त्यात काहीच कळत नाही.

नौकेचे पोलादी कवच लार्सन अँड टूब्रो या कंपनीच्या हजीरा येथील कारखान्यात तयार झाले. दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ साली मुंबईत सुरू केलेली ही कंपनी. पाण्यात दर दहा मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार वाढतो. म्हणजे शंभर मीटर खाली एका चौरस मीटरवर सुमारे १०० टन. हा भार सर्व बाजूंनी सारखा येतो, म्हणून कवच गोल ठेवावे लागते. आपल्याकडे चिऱ्यांची विहीर गोल बांधतात, तिच्यातही हेच तत्त्व आहे : माती चोहोकडून दाबते आणि चिरे एकमेकांत घट्ट बसतात. फरक इतकाच की विहिरीतून पाणी झिरपले तर चालते. पाणबुडीत जाड पत्रे वाकवून कडी करावयाची, ती आतून फासळ्यांनी बळकट करावयाची, एकास एक जोडावयाची आणि प्रत्येक सांधा तपासून पाहावयाचा. एक सदोष सांधा राहिला तरी आतील सर्वांचे प्राण धोक्यात.

या सांध्यांइतकेच अवघड काम होते ते तोंड बंद ठेवण्याचे. सोळाव्या शतकात साष्टी आणि तिसवाडीतून आपल्या देवता नदीपार नेणाऱ्यांच्या वंशजांना त्याचे मोल निराळे सांगावयास नको. हजीऱ्यात शेजारी इतर कारखान्यांची रहदारी चालू असता हे काम वर्षानुवर्षे चालले. तयार झालेले भाग समुद्रमार्गे विशाखापट्टणमला गेले. सुरतेहून तिकडे जाणारी वाट कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यासमोरूनच जाते. म्हणजे ते गुप्त घर तुकड्यातुकड्यांनी आपल्या दारावरून गेले आणि कोणाला पत्ता लागला नाही.

२६ जुलै २००९ रोजी, कारगिल विजय दिनी, विशाखापट्टणमच्या गोदीत पाणी सोडण्यात आले. श्रीमती गुरशरण कौर यांनी नारळ वाढविला आणि माणसांनी बांधलेल्या त्या तळ्यात सुमारे ६,००० टनांची 'अरिहंत' प्रथम तरंगली. अणुभट्टी १० ऑगस्ट २०१३ रोजी प्रज्वलित झाली. २०१६ साली नौका गाजावाजा न होता नौदलात आली.

हे अण्वस्त्रे वाहणारे घर आहे, हे विसरून त्याचे गुणगान करणे बरे नव्हे. त्याचा विचार करताना अभिमानाबरोबर धास्तीही वाटली पाहिजे. भारताने २००३ साली जाहीर केलेल्या धोरणानुसार हे अस्त्र प्रथम वापरावयाचे नाही. मग पहिला घाव सोसूनही काही शिल्लक राहील, ही खात्री वैऱ्याला असावी लागते आणि जमिनीवरचे सर्व काही आता आकाशातून दिसते. राहिला तो समुद्राचा तळ. दुर्योधन युद्ध हरल्यावर पाण्यात शिरला. येथे युद्ध होऊ नये म्हणून आधीच शिरावयाचे आहे.

'अरिघात' ही दुसरी नौका २९ ऑगस्ट २०२४ रोजी दाखल झाली. त्यापूर्वी, ५ नोव्हेंबर २०१८ रोजी, 'अरिहंत' आपली पहिली गस्त पुरी करून परतल्याचे पंतप्रधानांनी जाहीर केले होते. ती कोणत्या पाण्यात जाऊन आली, हे त्या निवेदनात नव्हते.