शिंप्याचे सांधे आणि मालकाची जबाबदारी
(तुळजापूर येथे ज्ञातिमेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



वधूवर-परिचयाच्या आधी अर्धा तास आम्हांस बोलावयास सांगितले आहे आणि मंडळींचे लक्ष कोठे आहे हे आम्ही जाणून आहो. तरीही विषय असा आहे की तो घरोघरी कण्हत बसलेला असतो. तो म्हणजे शिवणकामाने सुजणारे सांधे, आणि त्याची भरपाई कोणाकडे मागावी हा प्रश्न.

आपल्या धंद्याचा हा रोग नवा नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने इ. स. १७०० मध्ये निरनिराळ्या धंद्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात शिंप्यांचे पाय बधिर होतात, कंबर धरते, माणूस लंगडतो, कारण तो एक पाय मांडीशी दुमडून शिवीत बसतो, असे त्याने नोंदविले. आज आपण मांडी घालून क्वचितच शिवतो. दुखणे मात्र गेले नाही, त्याने फक्त जागा बदलली. कापणाऱ्या मास्तरांच्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला सूज येते. तेथील कंडरा ज्या आवरणातून सरकते ते आवरण जाड होते व अंगठा हलविताच कळ उठते. द केर्व्हेन या स्विस शल्यवैद्याने १८९५ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून त्याच्याच नावाने तो विकार ओळखला जातो. यंत्रावर बसणाऱ्याची मान व खांदे धरतात, पायटा मारणाऱ्याचे गुडघे व घोटे. नवरात्रात तुळजापुरास गर्दी लोटते तेव्हा रात्री बारापर्यंत यंत्र चालते आणि दसऱ्यानंतर आठ दिवस हात वर होत नाही, हे येथे बसलेल्या पुष्कळांना सांगावयास नको.

आता, ज्याचे स्वतःचे दुकान आहे त्याचा मालक तोच. त्याने भरपाई कोणाकडे मागावी? त्याच्यासाठी आमच्याजवळ विश्रांतीखेरीज दुसरा उपाय नाही, आणि विश्रांती परवडत नाही हेही खरे. परंतु आपली कित्येक मुले-मुली आता सोलापूरच्या गणवेशाच्या कारखान्यांत नगावर मजुरी घेऊन काम करतात. अशाच एका कारखान्यात बारा वर्षे काजबटणाचे काम केलेल्या आपल्या एका भगिनीची मनगटे निकामी झाली. मालकाने काय दिले? एक महिन्याची मजुरी, आणि ‘घरी विश्रांती घ्या’ असा सल्ला. कोऱ्या कागदावर सही मात्र घेतली.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा दीर्घकाळ चालला; २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि त्या कायद्याची जागा तिने घेतली. जुन्या कायद्यात धंद्याच्या रोगांची एक यादी होती. शिसे, पारा, कापसाची धूळ, कानठळ्या बसविणारा आवाज अशांपासून होणारे विकार तीत होते. यादीतील रोग झाला तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाई. संहितेनेही हीच रीत ठेवली. परंतु एकच एक हालचाल हजारो वेळा केल्याने सुजलेले मनगट या यादीत नाही. इंग्लंडात तारयंत्र चालविणाऱ्यांच्या हातांना येणारा पेटका १९०८ सालीच भरपाईस पात्र ठरला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या यादीत मनगटाचा कंडरादाह, कोपराचा व गुडघ्याचा विकार ही नावे स्पष्ट घातली. आपल्याकडे ती अद्याप आलेली नाहीत. ही उणीव आम्हांस अन्यायाची वाटते.

यादीबाहेरच्या रोगाला वाट एकच: काम करीत असता झालेल्या विशिष्ट अपघाती इजेतून तो उद्भवला हे दाखविणे. कापडाचा गठ्ठा उचलताना गुडघा मुरगळला, सुई बोटाच्या सांध्यात शिरली व सांधा सुजला, तर दावा उभा राहतो. हळूहळू झिजलेल्या सांध्याचा दावा फार कठीण. म्हणून इजा झाली त्याच दिवशी मालकास लेखी कळवावे. डॉक्टरांच्या कागदावर ‘हात दुखतो’ एवढेच लिहून न घेता कोणते काम, किती तास, किती वर्षे, हे लिहून घ्यावे. दाव्याची मुदत सामान्यतः दोन वर्षे आहे. आणि हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली गेली असली तरी घाबरू नये. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक मानला आहे.

याहून अधिक उपयोगाची गोष्ट आहे ती राज्य कामगार विम्याची. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यास ती लागू होते. २०१७ पासून मासिक २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाची मर्यादा ठरली. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाते. विमेदाराला कामावरील इजेची भरपाई मालकाऐवजी महामंडळाकडून मिळते. शिवाय, सांधा कामामुळेच सुजला हे सिद्ध झाले नाही तरी केवळ आजारी असल्याच्या प्रमाणपत्रावर, वर्गणीच्या दिवसांची अट पुरी असल्यास, वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. वर उल्लेखिलेल्या भगिनीस हे कोणी सांगितले नव्हते. तिच्या मजुरीतून वर्गणी कापली जात होती की नाही, हेदेखील तिला ठाऊक नव्हते.

तेव्हा आमची कार्यकारी मंडळास एक विनंती आहे. वधूवरांची नोंदवही आपण ठेवतोच. तिच्या शेजारी दुसरी एक वही ठेवावी. कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा विमाक्रमांक, कामाला लागल्याची तारीख व कामाचा प्रकार तीत लिहावा. क्रमांक नसेल तर रकाना रिकामा ठेवावा आणि त्या मालकाकडे मंडळाच्या दोघा वडीलधाऱ्यांनी जाऊन तो का रिकामा आहे हे विचारावे. पहिले नाव त्या भगिनीचे लिहून घ्यावे. तिची दोन वर्षांची मुदत अजून संपलेली नाही.