जुन्या अमेरिकन मोटारींचा जीर्णोद्धार



जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांच्या, घाटांच्या आणि फार तर जुन्या वाड्यांच्या बाबतींत वापरतों. मोटारीच्या बाबतींत तो ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं येईल. देवालय शेंकडों वर्षें टिकावें म्हणून बांधलेलें असतें. मोटार दहा-पंधरा वर्षें चालावी आणि मग मोडींत जावी, अशाच बेतानें ती घडविलेली असते. परंतु जी वस्तु मोडींत जावयाची ती लोकांनीं सत्तर वर्षें चालती ठेवली, तर तिच्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहणें भाग पडतें. दुसरें महायुद्ध संपल्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकन बनावटीच्या ज्या मोटारी आपल्या प्रांतांत आल्या, त्यांपैकीं कांहीं आजही शिल्लक आहेत. त्या बाळगण्याच्या व पुन्हां उभ्या करण्याच्या उद्योगाविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

पहिली गोष्ट ही कीं, या मोटारी अमेरिकन म्हटल्या तरी त्यांपैकीं पुष्कळ मुंबईंत जुळविलेल्या आहेत. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें जुळणीचें काम सुरू केलें. फोर्ड कंपनीचेंही तसलेंच काम मुंबईंत चाले. सुटे भाग पेट्यांत बंद होऊन बोटीनें यावयाचे आणि येथील कामगारांनीं ते एकत्र बसवावयाचे, अशी ती पद्धति होती. मोटार येथेंच घडवावी, ही ईर्षा मात्र सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं मनांत धरली. विश्वेश्वरय्यांनीं मोटार-कारखान्याची योजना आंखली होती आणि वालचंद तिच्या पाठीशीं उभे होते. पण परक्या सरकारनें युद्धाच्या काळांत तिला थारा दिला नाहीं. अखेर १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें, देश स्वतंत्र झाला त्याच १९४७ सालीं, कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. त्याच वर्षीं महिंद्रांनीं विलीज जीप जुळविण्याचें काम मुंबईंत हातीं घेतलें.

डॉज, प्लिमथ आणि डी सोटो हीं कुर्ल्याच्या गाड्यांचीं नांवें. या तीन अगदीं वेगळ्या मोटारी आहेत, असें पुष्कळांस वाटे. वास्तविक परदेशीं पाठविण्यासाठीं काढलेल्या डॉज किंग्जवे आणि डी सोटो डिप्लोमॅट या गाड्या मुळांत प्लिमथच होत्या; पुढची जाळी, नांवाची पट्टी आणि किरकोळ नक्षी तेवढी बदललेली. एकीचे भाग दुसरीस चालतात, हें ज्ञान आज जीर्णोद्धार करणाऱ्यास फार उपयोगी पडतें.

हा ओघ लवकरच आटला. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनें असें ठरविलें कीं, जे येथेंच टप्प्याटप्प्यानें भाग तयार करतील त्यांनींच मोटारींचा धंदा करावा. १९५४ सालीं जनरल मोटर्स व फोर्ड या दोघांनींही आपला गाशा गुंडाळला. पुढें परदेशी मोटार आणणें दुर्घट झालें. वकिलातींनीं वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, त्या धनिकांच्या आणि सिनेनटांच्या हातीं पडत. नट भगवानदादा यांच्याजवळ सात वारांस सात गाड्या होत्या, असें सांगतात. 'इम्पाला' हें एका शेव्हरोलेचें नांव तर श्रीमंतीचाच पर्याय होऊन बसलें.

आमच्या मराठवाड्याची कथा थोडी निराळी आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. त्यामुळें मोटार येथें हैदराबादेकडून आणि मुंबईकडून, अशा दोन वाटांनीं आली. धर्माबादेसारख्या मिरचीच्या पेठेंत लांबरुंद डॉज ही चैनीचीच गोष्ट. आमच्या पांदींस आणि काळ्या मातीच्या चिखलास मानवली ती जीप. जीप ही देखील युद्धोत्तर अमेरिकन मोटारच होय, हें तिच्या साधेपणामुळें आपण विसरतों. सीजे-थ्री-बी या जीपचें नाक उंच कां दिसतें, हें मुलें विचारतात. १९५३ सालीं विलीजनें तिच्यांत नवें, अधिक उंचीचें एंजिन घातलें. तें मावावें म्हणून बॉनेट उचलावें लागलें, एवढेंच त्याचें कारण. शोभेसाठीं तेथें कांहींही केलेलें नाहीं.

या गाड्या इतकीं वर्षें कां टिकल्या? प्लिमथचें त्या काळचें एंजिन सहा सिलिंडरांचें, सुमारें साडेतीन लिटरांचें आणि शंभराच्या आंतबाहेर अश्वशक्तीचें. त्याचे व्हाल्व माथ्यावर नसून बाजूस, ब्लॉकमध्येंच बसविलेले. दाब कमी, गति संथ, आणि सगळें काम उघड्यावर. साधा पाना, पक्कड आणि थोडी अक्कल एवढ्या भांडवलावर तें खोलतां येतें. याच घराण्यांतील एंजिनें डॉज व फार्गो ट्रकांतही असत. त्यामुळें सुटे भाग मिळत राहिले. तोंड मात्र मोठें होतें. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले आणि गॅलनला पंधरा-अठरा मैल जाणारी गाडी पोसणें मालकांना जड झालें. मग कित्येकांनीं मूळ एंजिन उतरवून त्या जागीं डिझेलचें बसविलें. गिअरबॉक्स आणि एंजिन यांमध्यें बसणारी तबकडी लेथवर कातून घ्यावयाची, चासीवर नवे पाय वेल्ड करावयाचे, हें सारें गांवोगांवच्या मिस्त्र्यांनीं नकाशावांचून केलें. म्हणून मी म्हणतों कीं, आमच्याकडील जुनी अमेरिकन मोटार तीनदां घडलेली आहे: एकदां अमेरिकेंत, दुसऱ्यांदां मुंबईंत आणि तिसऱ्यांदां मिस्त्र्याच्या हातून. जीर्णोद्धार करणाऱ्यानें यांपैकीं कोणती मोटार परत आणावयाची, हा खरा प्रश्न आहे. त्याकडे मी पुढें येईन.

प्रथम कामाची रीत पाहूं. एखादी गाडी वाड्याच्या ढेलजेंत किंवा जिनिंगच्या आवारांत वर्षानुवर्षें उभी असते. ती ताब्यांत आली कीं मालक पहिल्या दिवशींच रंगाऱ्यास बोलावतो. हा क्रम उलटा आहे. एकही स्क्रू फिरविण्यापूर्वीं गाडीचीं चहूंबाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं, चासीचा व एंजिनाचा क्रमांक लिहून ठेवावा, आणि काढलेला प्रत्येक भाग नांवाची चिठ्ठी बांधून डब्यांत ठेवावा. निरुपयोगी वाटणारा भागही टाकूं नये. अमेरिकेंत जुन्या गाड्यांचे पुष्कळसे भाग आजही नवे करून विकतात. पण आपल्या गाड्यांचें चाक उजवीकडे आहे. उजव्या बाजूचा डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगचा खोका तिकडे सहसा मिळत नाहीं. येथें तो भंगारांत गेला कीं गेलाच.

नंतर ब्रेक पाहावे. त्या काळीं चारी चाकांच्या ब्रेकांना एकच मास्टर सिलिंडर असे. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आंतून गंज चढतो, रबरी वाशर फुगतात. आणि एके ठिकाणीं गळती लागली तर चारी चाकांचा ब्रेक एकदमच जातो. एंजिन सुरू झालें या आनंदांत गाडी रस्त्यावर काढणारे लोक हें विसरतात. चाकें काढतांनाही एक खबरदारी घ्यावी लागते: क्रायस्लर घराण्याच्या या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. हें ठाऊक नसलेला तरुण कारागीर पान्यास नळी लावून जोर करतो आणि बोल्ट तोडून मोकळा होतो.

विजेचीही तीच गोष्ट आहे. प्लिमथ व तिच्या बहिणींना १९५५ पर्यंत सहा व्होल्टांची बॅटरी असे आणि तिचें धन टोंक चासीस जोडलेलें असे. आज सर्वत्र ऋण टोंक जोडतात. संवयीनें तारा उलट लावल्या कीं मूळचा रेडिओ बिघडतो. तारांवरचें कापडी आवरण कुजलेलें असतें आणि उरलेलें उंदरांनीं खाल्लेलें असतें. तेव्हां सर्व तारा नव्यानें ओढल्यावांचून बॅटरी जोडूं नये.

आमची कोरडी हवा पत्र्यास हितकर आहे. मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यानें दारांचे तळ जसे चाळणी होतात, तसे येथें होत नाहींत. उलट आमचा उन्हाळा पेट्रोलचा वैरी आहे. वैशाखांत पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळींत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यांत बसते. जुने ड्रायव्हर अशा वेळीं पंपावर ओलें फडकें गुंडाळीत. आतां त्यांत एक नवी भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. आपल्याच भागांतील उसाच्या मळीपासून होणारें हें इंधन शेतकऱ्यास लाभाचें खरें. पण जुन्या नळ्या आणि पंपाचा पडदा त्यानें फुगतात व टांकीच्या तळाचा जुना मळ सुटून जेटमध्यें अडकतो. म्हणून टांकी आंतून स्वच्छ करणें आणि या इंधनास टिकतील अशा नळ्या घालणें आज आवश्यक झालें आहे.

पत्रा, मुलामा आणि रंग हीं कामें शेवटचीं. कुजलेला पत्रा कापून नवा जोडावा; त्यावर बोटभर लांबी थापून तो लपवूं नये, कारण दोन पावसाळ्यांत ती फुटून निघते. क्रोमच्या मुलाम्याखालीं तांब्याचा आणि निकेलचा थर द्यावा लागतो. तो चुकविला कीं चकाकी वर्षभरांत उडते.

आतां मघाचा प्रश्न. केंद्र सरकारनें २०२१ च्या जुलैमध्यें जुन्या वाहनांसंबंधीं निराळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, सांगाडा किंवा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये फी पडते, नोंदणी दहा वर्षें चालते, आणि क्रमांकांत 'व्ही ए' हीं अक्षरें येतात. ज्या गाडीची नोंदणी पूर्वींच झालेली आहे तिला आपला जुना क्रमांक ठेवतां येतो. अशी गाडी प्रदर्शनास, रॅलीस, तांत्रिक अभ्यासास किंवा दुरुस्तीस नेतां येते. रोजच्या वापरास किंवा भाड्यानें देण्यास ती चालत नाहीं. म्हणजे लग्नाच्या वरातीचें भाडें हा कित्येक मालकांचा आधारही तेथें संपतो.

नियम वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. मूळ वस्तूस मान मिळावा, हा त्याचा हेतु योग्यच आहे. परंतु ज्या डिझेल एंजिनामुळें गाडी भंगारांतून वांचली, तेंच एंजिन आतां तिला या मानापासून दूर ठेवतें. याचा परिणाम असा होण्याचें भय आहे कीं, मालक घाईघाईनें कोठलें तरी पेट्रोल एंजिन पैदा करतील, क्रमांक घासून नवा ठोकतील आणि गाडी मूळची म्हणून दाखवतील. हा जीर्णोद्धार नव्हे, हा खोटा दस्तऐवज होय. माझें मत स्पष्ट आहे. मूळ एंजिन कोपऱ्यांत पडलेलें असेल तर तें दुरुस्त करून परत बसवावें; त्याच घराण्यांतील दुसरें मिळालें तर तें बसवून तसें उघड लिहून ठेवावें; आणि दोन्ही नसेल तर डिझेल एंजिन तसेंच राहूं द्यावें. मानाचा क्रमांक मिळणार नाहीं, पण गाडीची खरी हकीकत टिकेल. आपल्या लोकांनीं टंचाईच्या काळांत काय केलें, याची ती साक्ष आहे, आणि तिची लाज वाटण्याचें कांहींएक कारण नाहीं.

ही हकीकत टिकविण्याचा उपाय स्वस्त आहे. प्रत्येक मालकानें एक वही घालावी. गाडी कोणाकडून केव्हां आली, कोणता भाग कोणत्या सालीं बदलला, कोणत्या मिस्त्र्यानें बदलला, जुना भाग कोठें आहे, हें तींत तारखेसह लिहावें. घरांतील वडील माणसांना विचारून मागील पानेंही भरून काढावीं. आज ना उद्यां गाडी विकली गेली, तर वही तिच्याबरोबर द्यावी.

आणि त्याहून निकडीची एक गोष्ट आहे. भाग पुन्हां ओततां येतो, रंग पुन्हां देतां येतो. पण कान लावून व्हाल्वचा आवाज ओळखणारा, उलट्या आट्या हाताच्या संवयीनेंच जाणणारा मिस्त्री पुन्हां घडवितां येत नाहीं. या मंडळींनीं आतां सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या मुलांनीं हा धंदा घेतलेला नाहीं, आणि औद्योगिक शाळांतून शिकणाऱ्या मुलांना संगणकावर दोष दाखविणाऱ्या गाड्यांचेंच शिक्षण मिळतें, तें साहजिकही आहे. ज्यांच्या दारीं अशी जुनी गाडी उभी आहे त्यांना माझी विनंति आहे कीं, यंदां रंगावर करावयाच्या खर्चांतील थोडा भाग बाजूस काढावा, आपल्या गांवांतील एका होतकरू मुलास त्यांतून चार महिने वेतन द्यावें आणि त्याला एखाद्या वृद्ध मिस्त्र्याच्या हाताखालीं बसवावें. वहींत मिस्त्र्याचें नांव लिहावें, तसें त्या मुलाचेंही लिहावें. रंग एक वर्ष उशीरा लागला तरी गाडीचें बिघडत नाहीं. या शिक्षणास मात्र आतां फार वर्षें उरलेलीं नाहींत.